चौथ्या कोष्टकातले दूध

रेवदंडा, जि. कुलाबा
४ डिसेंबर १९६१

डॉ. शिवदास काळूराम म्हात्रे, संपादक, यांस,

'चिरंजीव' लिहायला हात वळला नाही. मोठ्या बहिणीने आठ वर्षांनी पत्र पाठवले म्हणून भारावून जाऊ नकोस. हे पत्र भावाला नाही, संपादकाला आहे.

तुमच्या नेत्रवैद्यक त्रैमासिकाचा दशकपूर्ती विशेषांक परवा इथल्या दवाखान्यात आला. तूच पाठवला असणार, कारण पाकिटावरचा पत्ता टाइप केलेला होता आणि आत हाताची एक ओळही नव्हती. पान अकरावर तुझा लेख आहे, 'दहा वर्षांतील नेत्रसंशोधन: कल आणि प्रभाव'. इंग्रजी मला तुझ्याइतके येत नाही. शब्दकोश घेऊन दोन दुपारी बसले आणि सगळा वाचला. दहा वर्षांत छापलेल्या तीनशे बारा लेखांचे तू एकेक कार्ड केलेस, आणि पुढे कुणी कुठल्या मासिकात त्या लेखाचा आधार घेतला ते त्या कार्डावर मांडत गेलास. पूर्वी लोक मोतीबिंदूवर लिहीत, आता बाळांच्या डोळ्यांवर आणि पोषणावर लिहितात, हा म्हणे कल. आणि ज्या लेखाचा उल्लेख सर्वांत जास्त वेळा झाला, त्याचा प्रभाव मोठा. यादीत पहिला कोण, तर खुद्द संपादक. 'मिठागरी कामगारांच्या बुबुळावरील पांढरे डाग', १९५३. त्रेचाळीस उल्लेख. दुसऱ्या नंबराला सतरा. आपल्याच डोक्यावर आपणच अक्षता टाकून घ्याव्यात तसे हे झाले, पण तो तुझा प्रश्न.

माझा प्रश्न त्या लेखातल्या कोष्टक क्रमांक चारचा आहे. एक्कावन साली तू छापील नोंदवही आणून दिलीस आणि मी खाडीच्या दोन्ही काठांवरची आठ गावे फिरले. डोळ्यात फूल पडलेली एकशे चाळीस माणसे शोधली. वय काय, मिठागरात किती वर्षे, आणि डोळे आले तेव्हा घरच्यांनी डोळ्यात काय घातले, हे विचारून लिहिले. त्या शेवटच्या रकान्यावरून तू चौथे कोष्टक केलेस. त्यात म्हटले आहे की एकसष्ट जणांच्या डोळ्यांत 'आईचे दूध' घातले होते आणि त्या दुधाने बुबुळ नासले.

इथे डोळ्यात दूध घातले असे कुणी म्हणाले की ते शेराचे दूध. वाडीच्या कुंपणाला जो शेर लावतात, ज्याची कांडी मोडली की पांढरा चीक गळतो, तो. डोळ्यातली घाण जाळून काढतो असे बाया समजतात, आणि तो बुबुळच जाळतो. आईच्या दुधाला या कामात कुणी दूध म्हणत नाही. त्याला थानाचा थेंब म्हणतात. 'आईचे' हा शब्द नोंदवहीत शोधून सापडणार नाही, कारण तो मी लिहिलेलाच नाही. तो तू मुंबईत बसून घातलास.

यापुढे काय झाले ते तुझ्या कार्डांवर नसेल म्हणून सांगते. अठ्ठावन साली तुझ्या कोष्टकाचा हवाला देऊन सरकारी पत्रक निघाले, 'डोळ्यांत आईचे दूध घालू नये, त्याने अंधत्व येते.' ते चावडीवर वाचले, शाळेच्या भिंतीला लावले. ज्या बाया थानाचा थेंब घालून गप्प बसत, त्यांनी तो बंद केला. त्या थेंबाने फार बरे होत नसे, पण कुणी आंधळेही होत नसे. आणि पत्रकात ज्याचे नाव नाही, ते सगळ्यांनी धरले. शेराबद्दल मी दवाखान्यात घसा फोडून सांगते. त्या म्हणतात, सरकारच्या कागदात शेर कुठे आहे ते दाखव.

आता त्याच पत्रकाची दुसरी आवृत्ती मार्चमध्ये छापायला जाणार आहे, थेट रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यासाठी. उन्हे तापली की डोळ्यांची साथ येते. त्याआधीच्या अंकात शुद्धिपत्र छाप. मी हे सगळे आत्ता, तुझा विशेषांक वाचताना पाहिले, नाहीतर आधीच लिहिले असते.

सत्यवती म्हात्रे
परिचारिका

रेवदंडा
१९ डिसेंबर १९६१

डॉक्टरसाहेब,

उत्तर पोचले. छापील नावाच्या कागदावर, टाइप केलेले, एक-दोन-तीन आकडे घालून. तळाला शाईने 'ताई, तब्येत सांभाळ' एवढे. तेवढी शाई वाचवली असतीस तरी चालले असते.

तुझा पहिला मुद्दा असा की नोंदवही अजून तुझ्या कपाटात आहे, ती तू काढून पाहिलीस, आणि एकसष्टच्या एकसष्ट ठिकाणी माझ्या अक्षरात नुसते 'दूध' लिहिलेले आहे. खरे आहे. रकाना बोटभर रुंद होता आणि तो तू आखला होतास. बांधावर उभ्याने, वही कोपरावर धरून लिहायचे, त्यात 'शेराच्या कांडीचे दूध' कुठे मावणार होते? आणि वाचणार कोण होता, तर तू. मिठागराचा मुकादम काळूराम म्हात्रे याचा मुलगा. शेराच्या कांड्या मोडून खेळलास म्हणून आयने तुला अंगणात बडवले होते आणि मी तुझे हात खोबरेल लावून पुसले होते. तुला दुधाचा अर्थ लिहून द्यावा लागेल असे मला वाटले नाही. आठव्या वर्षी तू अलिबागच्या शाळेत गेलास, तिथून मुंबईला. तेवढ्यात जीभ इतकी धुऊन घेतलीस की दूध म्हटल्यावर तुला आईचेच आठवले.

दुसरा मुद्दा, की त्रेचाळीस लेखकांनी या लेखाचा आधार घेतला आहे, आता पायाच काढून घेतला तर त्यांची आणि मासिकाची पत जाईल, आणि नव्या वर्षात परदेशातल्या दोन ग्रंथालयांनी अंक मागवला आहे. ग्रंथालयांना माझा नमस्कार सांग.

तिसरा मुद्दा मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. 'नोंद अपुरी होती आणि तो दोष माझा' असे मी स्वतःच्या सहीने लिहून दिले, तर तू ते पत्रव्यवहाराच्या सदरात छापशील. तुझा लेख जिथल्या तिथे राहील. म्हणजे कौतुक झाले तेव्हा संशोधन तुझे, आणि अंगाशी आले की नोंदवही माझी. असे होणार नाही. मी काही तुझ्या दवाखान्याची झाडूवाली नाही, तू सांडावेस आणि मी पुसावे.

तुला त्रेचाळीस लेखांची काळजी आहे. मला सध्या एका बाईची आहे. तिचे नाव रतन, मोरू पाटलाची बायको, तेवीस वर्षांची, पलीकडच्या पाड्यातली. नवरा-बायको दोघेही मिठागरात. गेल्या वैशाखात तिचे डोळे आले. मांडीवर तान्हे मूल होते, तिची आई असती तर तिने थानाचा थेंबच घातला असता. घरात सासू सखुबाई. सखुबाईने चावडीवर पत्रक ऐकलेले. दोन दिवस दोन्ही डोळ्यांत शेराचे दूध घातले. डावा डोळा गेला. उजव्यात कडेला फूल आहे, ते मधे सरकू नये म्हणून रोज थेंब घालावे लागतात. ती रोज होडीने खाडी ओलांडून येते, मी थेंब घालते, ती परत कामाला जाते.

मी सखुबाईला बोलले, की शेर घालू नका म्हणून मी किती वेळा सांगितले. ती म्हणाली, "तू बोललीस, पन कागुद काय बोलला? आईचा दूध नको बोलला. शेराचा नको असा कुटं लिवलाय त्यान?" याचे उत्तर तुझ्यापाशी असेल तर कळव.

सत्यवती

रेवदंडा
११ जानेवारी १९६२

शिवदास,

तू ऐकत नाहीस म्हणून मी डिसेंबरातच, नाताळाआधी, अलिबागला गेले. पत्रकाचे काम ज्यांच्याकडे आहे त्या साहेबांपुढे उभी राहिले. माणूस सभ्य आहे, बसायला खुर्ची दिली. सगळे ऐकून घेतले आणि मग कपाटातून तुझा विशेषांक काढला. पान अकरा. बोट ठेवून म्हणाले, "बाई, त्रेचाळीस तज्ज्ञ एक सांगतात आणि एक परिचारिका दुसरे सांगते. मी फायलीवर काय लिहू?" मी म्हटले, लिहा की परिचारिका त्या गावांत राहते. ते हसले. मासिकात शुद्धिपत्र आले तर मजकूर बदलतो, म्हणाले, नाहीतर वीस मार्चला पत्रक छापखान्यात जाईल.

तू मोजलेस एवढेच लोकांना पुरते, हे मला तिथे कळले. आकडा पाहिला की माणसे आत काय आहे ते पाहत नाहीत.

मग मी तुझ्याच लेखाच्या शेवटची यादी घेतली आणि त्रेचाळीसपैकी ज्यांचे पत्ते अंकात होते अशा सात जणांना पत्रे टाकली. मोडक्या इंग्रजीत, पण विचारायचे ते नीट विचारले, की महाशय, आपण आईच्या दुधाने डोळा गेलेला रोगी स्वतः पाहिला आहे काय. चार उत्तरे आली. नागपूरच्या डॉक्टरांनी तुझा लेखच वाचलेला नाही, दुसऱ्याच्या लेखात उल्लेख होता तो उचलला. पुण्याच्यांनी नागपूरच्यांचा उचलला. तिसऱ्याने लिहिले की आपल्या पत्राबद्दल आभारी आहे, आणि स्वतःच्या नव्या पुस्तकाची जाहिरात सोबत जोडली. मद्रासचे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांनी प्रामाणिकपणे कळवले की तीस वर्षांत असा एकही रोगी पाहिला नाही, तेव्हा जरा नवल वाटले होते, पण या विषयावर लिहिताना म्हात्रे यांचा उल्लेख करण्याचा प्रघात आहे म्हणून केला. मूळ पत्र मी तुला पाठवणार नाही. ते माझ्यापाशी राहील. नक्कल जोडली आहे.

हा तुझा प्रभाव. एकाने दुसऱ्याचे तोंड बघून मान डोलवली, आणि तू माना मोजल्यास.

आता तुझ्या पत्राबद्दल. या खेपेला टाइप केलेले नव्हते, म्हणजे तू रागावला आहेस. बरे झाले. तू विचारतोस की हे सगळे मला आत्ताच दिसले हे कसे, कारण त्रेपन साली लेख छापून आला तेव्हा पहिली प्रत तू मला पाठवली होतीस आणि माझे पोस्टकार्ड तुझ्यापाशी आहे. त्यावर माझ्या अक्षरात 'लेख मिळाला. वाचला. छान आहे.' असे आहे. त्यानंतर मी तुझ्या एकाही पत्राचे उत्तर दिले नाही, हेही तू मोजून ठेवले आहेस. मोजण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

त्या वेळी माझे इंग्रजी कच्चे होते. वरवर चाळला असेन. दवाखान्यात त्या वर्षी देवीची साथ होती, मान वर करायला फुरसत नव्हती. आठ वर्षांपूर्वीच्या एका कार्डावरून तू मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतोस, याची लाज वाटू दे.

रतनचे फूल केसभर मधे सरकले आहे. काल तिने विचारले की तिला मिठाच्या ढिगाला कडा का दिसत नाहीत. मी म्हटले, ऊन फार आहे.

शुद्धिपत्र छाप.

सत्यवती

रेवदंडा
२९ जानेवारी १९६२

शिवा,

तुझे पत्र चारच ओळींचे आहे. 'देवीची साथ चोपन साली होती, त्रेपन साली नाही. आय त्यातच गेली, ते वर्ष मी विसरणार नाही. तू लेख वाचला होतास. मग गप्प का बसलीस?'

सांगते. तुला बरे वाटावे म्हणून नाही. मार्च जवळ आला आहे आणि तू अडून बसला आहेस म्हणून सांगते.

मी लेख वाचला होता. अक्षर न् अक्षर. त्या दिवशी पोस्टमनने प्रत दिली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले आणि आधी नावे पाहिली. वर तुझे नाव. खाली मिठागराच्या मालकांचे आभार, ज्यांनी आपल्याला एके दिवशी बांधावर येऊ दिले नव्हते. तुझ्या टाइपिस्टचे आभार, नावानिशी. आणि सर्वांत शेवटी 'एका स्थानिक परिचारिकेचे साहाय्य झाले'. शिवा, सात महिने मी त्या चिखलात फिरले. ओहोटी साधून गेले आणि भरती आली म्हणून परक्यांच्या ओटीवर बसून राहिले. बाया तुला डोळा दाखवत नव्हत्या, त्या मला दाखवत होत्या. तू दोनदा आलास, दोन्ही वेळा फोटो काढणारा बरोबर घेऊन. लोक मला विचारत, भावाच्या पुस्तकात तुझे नाव येणार ना, आणि मी हो म्हणत होते. सगळ्या गावाला सांगून बसले होते.

मग मी पुढे वाचले आणि चौथ्या कोष्टकाशी आले. 'आईचे दूध'. मला तेव्हाच कळले. शब्दकोशही लागला नाही. आणि मला काय वाटले ते आजवर कुणाला सांगितलेले नाही. मला बरे वाटले. इतका मोठा डॉक्टर आणि घरातल्या पोरालाही कळेल अशी चूक करून बसला, तीही छापून. म्हटले, राहू दे. नाव याचे आहे ना, मग चूकही याचीच राहू दे. कधीतरी कुणीतरी चारचौघांत तोंडावर टाकेल तेव्हा मजा येईल. आणि कार्ड घेऊन लिहिले, छान आहे.

कुणी तोंडावर टाकली नाही. उलट एकेक जण तेच लिहीत गेला. अठ्ठावन साली पत्रक निघाले तेव्हा हे थांबवायला हवे हे मला कळले, पण तेव्हा लिहायचे तर पाच वर्षे गप्प का होतीस याचे उत्तर द्यावे लागले असते. म्हणून दवाखान्यातल्या दवाखान्यात ओरडत राहिले. आणि गेल्या महिन्यात तुझा विशेषांक आला, तू त्या त्रेचाळीसांचा हार घालून पहिल्या नंबरावर बसलेला दिसलास, तेव्हा माझा संताप झाला. मी लिहायला बसले ती रतनसाठी नाही. तू एवढा मिरवतोस हे मला सोसवले नाही म्हणून बसले. रतन मला दुसऱ्या पत्रात सुचली.

हे लिहिताना तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. तू माझे नाव गिळलेस हे खरेच आहे. आणि रतनचा डोळा मी गमावला हेही खरे आहे. यातले एक दुसऱ्यात वळते करता येत नाही, मी करून पाहिले.

सोबत वेगळ्या कागदावर तुला हवे होते ते आहे. इंग्रजी तू सुधारून घे, पण वाक्य एकही गाळायचे नाही. मराठीत ते असे:

'संपादक यांस. आपल्या १९५३ सालच्या "मिठागरी कामगारांच्या बुबुळावरील पांढरे डाग" या लेखातील चौथ्या कोष्टकात जिथे जिथे "आईचे दूध" आहे, तिथे "शेराचा चीक" असे वाचावे. मूळ नोंदवहीत फक्त "दूध" एवढेच लिहिले होते. ती नोंदवही माझ्या हातची आहे. आईच्या दुधाने डोळा गेलेला एकही रोगी या पाहणीत नव्हता. ही चूक मला लेख छापला गेला त्या दिवसापासून माहीत होती आणि मी ती सांगितली नाही.'

खाली माझी सही आहे. अपुऱ्या नोंदीचा दोष मी घेतला आहे, तुझी अट पुरी झाली. शेवटचे वाक्य तुझ्या अटीत नव्हते, ते माझे आहे. आता वीस मार्चच्या आत अंक काढ.

सत्यवती

रेवदंडा
२८ मार्च १९६२

शिवदास,

अंक पोचला. अलिबागच्या साहेबांनाही वेळेत पोचला, तू खास माणूस पाठवलास असे ते म्हणाले. पत्रकाचा मजकूर बदलला. शेराचे नाव मोठ्या अक्षरात आहे, कांडीचे चित्र आहे, आणि आईच्या दुधाची ओळ काढून टाकली आहे. ते चावडीवर वाचले तेव्हा मी हजर होते. सखुबाई पहिल्या ओळीत बसली होती आणि वाचून झाल्यावर उठून गेली. जे काम झाले ते झाले, आणि ते तू केलेस, हे मी नाकारणार नाही.

माझे पत्र शेवटून दुसऱ्या पानावर आहे. वाक्ये सगळी आहेत, मी मोजली. फक्त सही पाहून थांबले. तुमच्या मासिकाच्या रीतीप्रमाणे पहिल्या नावांची नुसती अक्षरे छापतात. एस. के. म्हात्रे. आपल्या दोघांच्याही नावाची आणि बापाच्या नावाची अक्षरे तीच, याचा मी आजवर विचार केला नव्हता. बाई की पुरुष याचा तिथे पत्ता नाही. तुझ्या जुन्या लेखावरही एस. के. म्हात्रे आणि माझ्या पत्राखालीही एस. के. म्हात्रे. अलिबागचे साहेब मला म्हणाले, "बाई, तुमच्या भावाचा मोठेपणा बघा. माणसाने स्वतःची चूक स्वतः छापली, वर आपल्याला माहीत होती हेही कबूल केले." मद्रासच्या गृहस्थांनीही असे लिहिले आहे म्हणतोस. तू मुद्दाम केलेस की छापखान्याच्या रीतीने झाले, हे मी विचारणार नाही. तू खरे सांगितलेस तरी माझा विश्वास बसणार नाही, एवढे आपल्यात शिल्लक आहे.

पुढच्या अंकात खुलासा छापू का, असे तू विचारले आहेस. नको. दोन दिवस मला वाटत होते की बरेच झाले. मी लिहून दिले आहे, छापून आले आहे, आणि तरीही ते मी लिहिले हे या खाडीवर कुणालाही कळणार नाही. सुटले, असे वाटत होते. हे वाटते आहे हे लक्षात आले तेव्हा मी होडीने पलीकडे गेले.

रतन मिठागराच्या बांधावर फावडे घेऊन मीठ ओढत होती. मी तिला बाजूला बसवले आणि सगळे सांगितले. नोंदवही, लेख, कार्डावर लिहिलेले 'छान आहे', पत्रक. नाव छापले नाही म्हणून मी गप्प बसले, हेही सांगितले. ती म्हणाली, "बाय, कागुद चुकलाय ह्या तुला कवापासना ठाव व्हता?"

मी म्हटले, त्रेपन सालापासून.

ती बोटांवर मोजू लागली. "तवा तं माजा लगीन पन न्हवता झाला," म्हणाली. मग म्हणाली, "भाव-भयनीचा भांडान व्हता ना तुमचा? मंग त्याच्यामदी माजा डोला कशाला घेतलाव?"

तुझ्यावर नऊ वर्षे मी शब्द जपून ठेवले होते आणि चार पत्रांत ते तुझ्या अंगावर टाकले. त्यांतला एकही तिच्या उपयोगाचा नव्हता. मी म्हटले, रतन, तू म्हणशील ते मी करीन. ती म्हणाली, "कामाची खोटी होतेय," आणि उठून फावडे घेतले.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात येणार नाही असे मला वाटले होते. ती आली. उजव्या डोळ्यासाठी तिला येणे भागच आहे, दुसरा दवाखाना अलिबागला, रोज जाऊन यायचे तर अख्खा दिवस मोडेल. मी नेहमीसारखी तिची हनुवटी वर करायला गेले. तिने माझा हात बाजूला केला, जोराने नाही, अंगावर माशी बसली तर करावा तसा. "दे हिकडं," म्हणाली. "थेंब मी घालीन. तुजा हात नको मना."

तेव्हापासून रोज मी बाटली टेबलावर ठेवते आणि मागे होते. ती बाटली घेऊन बाहेर पायरीवर बसते, डोके मागे टाकते आणि अंदाजाने थेंब सोडते. स्वतःच्या डोळ्यात थेंब घालणे धड दिसणाऱ्यालाही जमत नाही, तिला तर त्याच डोळ्याने बाटली पाहायची असते. पहिला थेंब भुवईवर पडतो, दुसरा गालावर. आज तिसराही गालावर गेला. मी दारात उभी होते, चार पावलांवर, आणि ती मला पुढे येऊ देत नाही.

सत्यवती